घरातली वाइन: कोणती आता उघडायची, कोणती ठेवायची

वाइन जितकी जुनी तितकी चांगली, या समजापायी घरोघरी चांगल्या बाटल्या वाया जातात. बाजारात मिळणारी बहुतांश वाइन घेतल्यापासून दोनेक वर्षांत संपवावी याच हिशोबाने बनवलेली असते. दहा-पंधरा वर्षं ठेवून सुधारणाऱ्या वाइन मोजक्याच, आणि त्यांनाही १२ ते १४ अंश सेल्सिअसचं स्थिर तापमान, अंधार आणि बेताची दमट हवा लागते. पुणे-मुंबई-नागपूरच्या घरात हे आपसूक मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडे बाटलीच्या वयापेक्षा तिने किती उन्हाळे काढले आणि कुठे काढले, हे आधी विचारायचं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाकावी. दोन वर्षं लवकर उघडलेली वाइन थोडी तुरट, थोडी अवघडलेली लागेल. तासभर भांड्यात ओतून ठेवली की बरीच मोकळी होईल. दोन वर्षं उशीर झालेल्या वाइनचं काहीही करता येत नाही. म्हणून शंका आली की उघडायची.

बाटलीचं खरं वय

लेबलवरचं साल म्हणजे द्राक्षं काढल्याचं साल. नाशिक, अकलूज किंवा नंदी हिल्सच्या बागांचं वेळापत्रक युरोपाच्या उलटं असतं. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठीची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठीची गोडी छाटणी आणि साधारण डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत काढणी. फ्रान्स-इटलीत काढणी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. म्हणजे २०२३ ची नाशिकची वाइन त्याच सालच्या फ्रान्सच्या बोर्दो वाइनपेक्षा सहा-आठ महिन्यांनी मोठी. शिराझसारख्या लाल वाइनला या फरकाने काही होत नाही, पण पांढऱ्या सोव्हिन्यों ब्लांच्या किंवा गुलाबी रोझेच्या एकूण आयुष्याचा हा तिसरा हिस्सा असतो.

स्वस्त बाटल्यांवर अनेकदा साल नसतंच. अशा वेळी मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत छापलेला बाटलीत भरल्याचा महिना शोधावा. पांढरी किंवा रोझे भरून दीड वर्ष उलटलं असेल तर ती दुकानातच राहू द्यावी. दुकानातली जागाही बघावी: काचेच्या दर्शनी कपाटात, दिव्याखाली उभी असलेली बाटली घेऊ नये, मागच्या खोलीतल्या खोक्यातली मागावी. ठेवण्यासाठी वाइन घ्यायची असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत घ्यावी. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तापमान सहज पन्नाशीच्या वर जातं. तिथे गेलेली एक दुपार बाटलीची पुढची कित्येक वर्षं खाते.

घराचं तापमान अंदाजाने सांगू नका, मोजा

कमाल आणि किमान आकडा लक्षात ठेवणारं छोटं डिजिटल तापमापक मिळतं, आर्द्रताही दाखवतं. ते बाटल्यांशेजारी ठेवून एप्रिल-मेचे आकडे लिहून ठेवावेत. स्लॅबच्या लगेच खालचा पोटमाळा ही घरातली सर्वांत वाईट जागा, त्याखालोखाल स्वयंपाकघर. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाटही नको. तळमजल्यावरची आतली खोली किंवा उत्तरेच्या भिंतीकडचा दिवाणाचा कप्पा त्यातल्या त्यात बरा. बाटल्या थर्माकोलच्या पेटीत ठेवल्या तर दिवस-रात्रीतला चढउतार कमी होतो. पण सलग दोन महिन्यांचा उन्हाळा पेटीत शिरायचा तो शिरतोच.

तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. वाइनमध्ये सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वाढत नाहीत, त्यामुळे उष्णतेत वाइन नुसती लवकर मुरत नाही, वेगळ्याच दिशेने जाते: फळाचा ताजेपणा जातो आणि शिजवल्यासारखी चव येते. परदेशी समीक्षक 'अमुक ते तमुक सालापर्यंत प्यावी' असं लिहितात ते थंड तळघर गृहीत धरून. आपल्याकडे हिशोब असा करावा:

वाइनच्या फ्रिजमध्ये, १३ अंशांवर: सांगितलेली पूर्ण मुदत धरा.
बहुतेक वेळ एसी चालणाऱ्या, वर्षभर २२-२३ अंशांच्या आत राहणाऱ्या खोलीत: निम्मी मुदत.
एसी नसलेल्या खोलीत: पांढरी, रोझे आणि फेसाळ वाइन एकही उन्हाळा ठेवू नका, लाल एक उन्हाळा, दणकट लाल फार तर दोन.

दहापेक्षा जास्त बाटल्या एका वर्षाहून अधिक ठेवायच्या असतील तर वाइनचा फ्रिज हवाच. तो कंप्रेसरवर चालणारा घ्यावा. कंप्रेसरशिवाय चालणारा थर्मोइलेक्ट्रिक फ्रिज स्वस्त आणि शांत असतो, पण खोलीच्या तापमानापेक्षा एका मर्यादेपर्यंतच, साधारण दहा-पंधरा अंश, खाली येऊ शकतो. खोली ४० अंशांवर गेली की आत २५ च्या पुढे, आणि विदर्भात तर नेमकी मे महिन्यातच त्याची दमछाक होते. फ्रिजच्या मागे आणि बाजूला कंपनीने सांगितलेली मोकळी जागा सोडावी, विजेचा दाब वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावावा. भारनियमनात दार उघडू नये; भरलेला फ्रिज काही तास सहज तग धरतो. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात लेबलांना बुरशी येते. वाइनला त्याने काही होत नाही, पण लेबल वाचता यावं म्हणून बाटलीभोवती क्लिंग फिल्मचा एक वेढा द्यावा.

असा फ्रिज नसेल तर मार्चअखेर ते जूनमध्यापर्यंत बाटल्या साध्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडव्या ठेवायला हरकत नाही. चार-पाच अंशांवर मुरणं जवळपास थांबतं आणि तिथली हवा कोरडी असल्याने वर्षानुवर्षं ठेवल्यास बूच सुकतं, पण अडीच महिन्यांत तसं होत नाही. एकदा आत ठेवली की सारखी आत-बाहेर मात्र करू नये.

जाता जाता: महाराष्ट्रात घरात मद्य बाळगायला परवाना लागतो आणि किती बाळगावं यालाही मर्यादा आहे. साठा वाढवण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा सध्याचा नियम पाहून घ्यावा.

कोणती किती टिकते आणि का

वाइनला टिकवतात चार गोष्टी: आंबटपणा, टॅनिनचा (द्राक्षाच्या साली-बियांतून येणाऱ्या द्रव्याचा) तुरटपणा, साखर आणि फळाचा दाटपणा. यांतल्या किमान दोन ठळक असतील तरच ठेवण्याचा विचार करावा. दाट फळाशिवाय नुसता तुरटपणा असेल तर काही वर्षांनी फळ जातं आणि तुरटपणा तेवढा उरतो. किंमत ही टिकाऊपणाची खूण नाही.

आपल्या द्राक्षांचा एक स्वभाव लक्षात घ्यावा. ती पिकतात फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात. साखर भराभर वाढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो, म्हणून वाइनरीला अनेकदा टार्टरिक आम्ल वरून घालावं लागतं. आम्लता कमी आणि पीएच जास्त असलेली वाइन लवकर थकते. यात कमीपणा काहीच नाही. नाशिकची सोव्हिन्यों ब्लां पहिल्या वर्षी पेरू, ढोबळी मिरची आणि लिंबाच्या सालीच्या वासाने भरलेली असते, आणि तिची मजा तेव्हाच आहे. ते वास देणारी द्रव्यं नाजूक असतात. दोन वर्षांनी पेरू गायब होतो आणि डबाबंद भाजीसारखा बोथट वास उरतो.

खालच्या मुदती द्राक्षकाढणीपासून धरलेल्या आहेत, थंड साठवणीसाठी. नाशिकची सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां दीड ते दोन वर्षं, रोझे दीड वर्षं. लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा काढलेल्या द्राक्षांची, शेनिन गोड असल्याने चार-पाच वर्षं. साधी शिराझ, झिनफांडेल, कॅबर्ने तीन वर्षं. ओकच्या पिंपात मुरवलेल्या रिझर्व्ह लाल वाइन, म्हणजे सुलाची रासा, ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, फ्रातेल्लीची सेत्ते या वर्गातल्या, पाच ते आठ वर्षं. चांगल्या सालची एखादी सेत्ते दहा वर्षंही जाईल, पण त्या भरवशावर अख्खं खोकं ठेवू नये. पारंपरिक पद्धतीने, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली भारतीय फेसाळ वाइन घेतल्यापासून वर्ष-दीड वर्षात प्यावी.

परदेशी बाटल्यांत गफलत होते ती नावावरून. फ्रान्सची ताजी लाल बोजोले नूव्हो नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते. ती पुढच्या उन्हाळ्याआधी संपवावी. इटलीची फेसाळ प्रोसेक्को दोन वर्षांच्या आत. साल नसलेली शॅम्पेन वाइनरीनेच किमान १५ महिने ठेवून मग बाहेर काढलेली असते. ती घेतल्यापासून दोन-तीन वर्षांत उघडावी. स्पेनच्या रिओहाची लाल ग्रान रिझर्व्हा पाच वर्षं, तर इटलीची लाल बारोलो ३८ महिने ठेवल्याशिवाय विकता येत नाही. पण दोन्हींचा अर्थ वेगळा. रिओहा बहुधा पिण्यासाठी तयार होऊन येते, बारोलोला मात्र आणखी पाच-सात वर्षं लागतात. बोर्दोच्या नामांकित शातोंच्या (तिथल्या वाइनरींच्या) वाइनना दहा ते पंचवीस वर्षं, पण तिथलीच साधी बोर्दो पाच वर्षांत संपवायची. जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातली गोडसर रीसलिंग ही पांढऱ्यांमधली सर्वांत चिवट: आंबटपणा आणि साखर दोन्ही भरपूर, पंधरा-वीस वर्षं सहज. जुन्या रीसलिंगला रॉकेलसारखा हलका वास येतो. तो दोष नव्हे. याउलट फ्रान्समधल्या बर्गंडीच्या पांढऱ्या वाइनबाबत सावध राहावं. १९९५-९६ सालापासूनच्या अनेक महागड्या बाटल्या अपेक्षेपेक्षा फार लवकर तपकिरी पडलेल्या निघाल्या आहेत, आणि एकाच खोक्यातली एक उत्तम तर दुसरी गेलेली असं घडतं.

पोर्टचं वेगळं सांगायला हवं, कारण गोव्याहून येणाऱ्यांच्या पिशवीत एखादी बाटली असतेच. गोव्यातली स्वस्त, गोड 'पोर्ट वाइन' ठेवून सुधारत नाही; आणली की संपवावी. पोर्तुगालची टॉनी पोर्ट पिंपात मुरून आलेली असते, तीही ठेवण्यासाठी नाही. वर्षानुवर्षं बाटलीत वाढते ती एकाच चांगल्या सालाची व्हिंटेज पोर्ट, वीस ते चाळीस वर्षं. मुलाच्या जन्मसालाची बाटली अठराव्या-एकविसाव्या वाढदिवसासाठी ठेवायची असेल तर व्हिंटेज पोर्ट, फ्रान्सची गोड पांढरी सोतेर्न किंवा बारोलो यांतूनच निवडावी. २०११, २०१६ आणि २०१७ ही पोर्ट बनवणाऱ्या बहुतेक घराण्यांनी व्हिंटेज म्हणून जाहीर केलेली सालं. इतर सालांत एकेका मळ्याची पोर्ट शोधता येते. आणि जन्मसालाची बाटली वाइनच्या फ्रिजमध्येच ठेवावी लागेल, कपाटात नाही.

आकाराचाही परिणाम होतो. ३७५ मिलीची अर्धी बाटली ७५० मिलीपेक्षा लवकर मुरते, दीड लिटरची मॅग्नम सावकाश. बुचातून येणारा आणि गळ्यात अडकलेला ऑक्सिजन जवळपास तेवढाच, वाटून घ्यायला वाइन कमी-जास्त. स्क्रू कॅपची वाइन ठेवता येत नाही हा गैरसमज आहे. तिची बाटली आडवी ठेवायचीही गरज नाही. नैसर्गिक बुचाची मात्र आडवीच ठेवावी, बूच ओलं राहायला हवं.

न उघडता काय कळतं

बाटली उभी करून दिव्यासमोर धरा. पाच-सहा वर्षांच्या बाटलीत वाइनची पातळी गळ्यातच असायला हवी. वीस वर्षांच्या बाटलीत ती गळ्याच्या तळाशी आली तर चालतं. खांद्यापर्यंत उतरली असेल तर बूच गळतंय किंवा बाटली तापली आहे, आठवड्याभरात उघडा. बूच काठाच्या वर सरकलेलं असणं, कॅप्सूलखाली (बुचावरच्या आवरणाखाली) चिकट ओघळ असणं, या उष्णतेच्या खुणा. आतली वाइन तापून फुगली आणि तिने बूच ढकललं. अशी बाटली ठेवण्यात काही अर्थ नाही. तळाचा गाळ हा बिघाड नव्हे: टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना जोडली जाऊन जड होतात आणि खाली बसतात. पांढऱ्या वाइनमधले साखरेसारखे खडे टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे असतात, निरुपद्रवी.

एक बाटली उघडून निर्णय

ठेवण्यासाठी वाइन घ्यायची तर एकाच प्रकारच्या किमान तीन बाटल्या घ्याव्यात. एकच असेल तर ती उघडल्यावर निर्णय घ्यायला काही उरत नाही. समजा, ओकमध्ये मुरवलेल्या नाशिकच्या शिराझच्या तीन बाटल्या आहेत, वय चार वर्षं, वाइनच्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या. पहिली उघडा.

पेल्यात थोडी ओता, पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि कडेचा रंग बघा. कड जांभळट असेल तर वाइन अजून तरुण आहे. लालसर माणकासारखी असेल तर मध्यावर. विटकरी असेल तर मुरलेली, आणि तपकिरी छटा मधोमध पोहोचली असेल तर उतरणीला लागलेली. पांढऱ्या वाइनमध्ये हाच प्रवास फिकट हिरवट, सोनेरी, मग गडद अंबर असा होतो.

वास घ्या. शिराझमध्ये जांभूळ, काळी मिरी, ओकची व्हॅनिला असे वास ठळक असतील तर थांबायला जागा आहे. जांभळासोबत चामडं, तंबाखू, सुकलेलं अंजीर येऊ लागलं असेल तर ती ऐन भरात आहे. फक्त मनुका-खजूर आणि सोया सॉससारखा वास उरला असेल तर उरलेल्या दोन्ही याच महिन्यात संपवा.

घोट तोंडात फिरवून गिळा आणि हिरड्यांकडे लक्ष द्या. तुरटपणा खरखरीत असेल पण मध्ये फळाची गोडी भरलेली असेल, आणि चव दहा-पंधरा सेकंद रेंगाळत असेल तर ठेवा. सुरुवातीला चव, शेवटी आंबटपणा आणि दारूचा चटका, मध्ये काहीच नाही, ही संपत चाललेल्या वाइनची खूण.

आता निम्मी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढून १७-१८ अंशांवर आल्यावर पुन्हा चाखा. आदल्या दिवसापेक्षा चांगली लागली तर उरलेल्या दोन बाटल्यांना आणखी दोन वर्षं द्यायला हरकत नाही. तितकीच लागली तर वर्षभरात प्या. चपटी पडली किंवा चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आला तर वाट पाहू नका. उघड्या हवेचा एक दिवस आणि बाटलीतली दोन वर्षं एकच नव्हेत, पण दिशा बहुतेक वेळा बरोबर कळते.

एका बाटलीचा दोष सगळ्या खोक्यावर लादू नये. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास हा बुचातल्या टीसीए या द्रव्याचा, त्याच बाटलीपुरता. दुसरी उघडून मगच ठरवा. विझवलेल्या काडीचा किंवा अंड्याचा वास भांड्यात ओतून हलवल्यावर निघून जातो, त्याचा वयाशी संबंध नाही. नेलपॉलिश आणि व्हिनेगरचा झणका असेल तर मात्र तो बाटलीगणिक वाढण्याचीच शक्यता, सगळ्या तपासा.

बारोलो, बोर्दो, ऱ्होन यांसारख्या वाइनमध्ये एक चकवा असतो. बाटलीत भरून दोन-तीन वर्षांनी त्या काही काळ मिटून बसतात, वास जवळपास येतच नाही. ती संपली असं समजून लोक बाकीच्या उधळून टाकतात. फरक तोंडात कळतो: मिटलेल्या वाइनमध्ये टॅनिन आणि आंबटपणा घट्ट असतो, रंग ताजा असतो. अशा बाटल्यांना दोन-तीन वर्षं हात लावू नये. नाशिकच्या वाइनबाबत ही सवलत देऊ नका. तिथे वास गेला म्हणजे गेला.

नोंदवही आणि दोन तारखा

साधी वही किंवा एक्सेल पुरे. नाव, काढणीचं साल, भरल्याचा महिना, खरेदीची तारीख, बुचाचा प्रकार, घरी काढलेले उन्हाळे, 'या महिन्यापर्यंत संपवा' आणि चाखल्याची टिपणं, एवढे रकाने. शेवटची तारीख बाटलीच्या गळ्यात कागदी टॅगवरही लिहावी, कारण बाटली निवडताना वही कुणी उघडत नाही. खास प्रसंगासाठी म्हणून बाजूला काढलेल्या बाटलीवर तर ती हवीच. बहुतेक मेलेल्या बाटल्या प्रसंगाची वाट पाहत मेलेल्या असतात.

दहा वर्षांपुढची बाटली उघडायची तर आदल्या दिवशी उभी करावी, म्हणजे गाळ तळाशी बसेल. जुनं बूच साध्या पेचाने तुटतं. दोन पात्यांचा ओपनर बाजूने सरकवून काढावं. तुकडे पडलेच तर मलमलीच्या कापडातून गाळून घ्यावी. भांड्यात ओतताना गळ्याखाली मोबाइलचा उजेड धरावा आणि गाळाची पहिली रेघ दिसताच थांबावं. पंधरा वर्षांपुढची वाइन ओतून तासभर ठेवू नये. लगेच प्यावी, ती हवेत लवकर विरते. लाल वाइन आपल्या खोलीच्या तापमानाला गरमच असते, म्हणून आधी अर्धा तास फ्रिजमध्ये.

साठ्याची तपासणी वर्षातून दोनदा. फेब्रुवारीच्या अखेरीस, उन्हाळा लागण्याआधी: ज्यांची मुदत पुढच्या ऑक्टोबरपर्यंत संपते त्या सगळ्या बाहेर काढा, पांढऱ्या आणि रोझे मार्च-एप्रिलमध्ये संपवा, जपायच्या तेवढ्याच फ्रिजमध्ये हलवा. दुसरी ऑक्टोबरमध्ये: पातळी आणि बुचं बघा, प्रत्येक खोक्यातली एक उघडा, टॅगवरच्या तारखा बदला आणि मगच नवीन खरेदीची यादी करा.